कांद्याची वाट व तींतील धोके

शहरांतल्या स्वयंपाकघरांत कांदा बाराही महिने असतो. म्हणून तो शेतांतूनही बाराही महिने निघत असावा, अशी समजूत सहज होते. वस्तुतः नाशिक जिल्ह्यांत कांद्याचीं पिकें तीन : खरीप, रांगडा आणि उन्हाळ. यांपैकीं दीर्घकाळ टिकणारा तेवढा उन्हाळ कांदा. तो मार्च ते मे महिन्यांत निघतो व चाळींत भरला जातो. खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरांत येईपर्यंत बाजाराची भिस्त मुख्यतः या सांठ्यावर असते.

तेव्हां पुरवठ्यांतील धोक्याची परीक्षा करणारानें शेताआधीं चाळ पाहावी. चाळींतला कांदा जिवंत असतो. तो श्वास घेतो, वाळून हलका होतो, दमट हवेंत सडतो. पुढें त्यास कोंब फुटतात. काढणीपूर्वीं पाणी वेळेवर तोडलें काय, कांदा नीट सुकविला काय, चाळीच्या खालून वारा खेळतो काय, यांवर पुष्कळ अवलंबून असतें. चार-पांच महिन्यांत एक तृतीयांश वजन गेलें, तर तें नवल नव्हे. समजा, मे महिन्यांत भाव क्विंटलला १००० रुपये असतां एकानें १०० क्विंटल कांदा ठेवला व सप्टेंबरांत ६७ उरला. त्यास केवळ मूळ रक्कम हातीं येण्यास सुमारें १५०० रुपये भाव हवा. मजुरी व व्याज निराळेंच. शहरांत भाववाढ म्हणून जी दिसते, तींत हा सडलेला कांदाही असतो!

दुसरा धोका ऑक्टोबरच्या पावसाचा. तो उभ्या खरिपावर कोसळला कीं नवा माल लांबतो, आणि नेमक्या त्याच वेळीं जुन्या चाळी रित्या होत असतात.

तिसरा धोका आभाळांतून येत नाहीं. ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें. निषेधार्थ नाशिक जिल्ह्यांतील व्यापाऱ्यांनीं लिलाव थांबविले. ८ डिसेंबर २०२३ पासून तर निर्यातच बंद झाली. ती मे २०२४ मध्यें खुली झाली, तीही शुल्कासह. ग्राहकास स्वस्त कांदा मिळावा हा हेतु समजण्याजोगा आहे. परंतु डिसेंबरांत बाजारांत असतो तो लाल कांदा. तो थोपवून धरतां येत नाहीं. मिळेल त्या भावानें विकावा लागतो.

चाळ बांधण्याची ऐपत नसलेला शेतकरी उन्हाळ कांदाही मे महिन्यांतच विकतो. सप्टेंबरांत वर्तमानपत्रें चढत्या भावाच्या बातम्या छापतात, तेव्हां त्याच्या घरीं विकण्यास कांदा नसतो.