क्लारा, ऑगी आणि लोणी टाकळीचा मुलगा

बालकादंबऱ्यांच्या रसिकांस हे ठाऊकच आहे की, जुन्या कथांतील अपंग मूल अखेरीस बहुधा बरे होते; योहाना स्पायरी यांच्या ‘हायडी’तील क्लारा, चाकांच्या खुर्चीचा चुराडा झाल्यावर, आल्प्सच्या कुरणात चक्क चालू लागते. ज्या १८८१ साली हा प्रसंग असलेला ‘हायडी’चा उत्तरार्ध प्रसिद्ध झाला, त्याच साली अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळीस संत गुलाबराव महाराज जन्मले. तान्हेपणी गेलेली त्यांची दृष्टी कधीच परतली नाही, तथापि ग्रंथ इतरांकडून वाचवून घेत आणि मजकूर लेखनिकांस सांगत त्यांनी ३४ वर्षांच्या अल्प आयुष्यात विपुल ग्रंथरचना सिद्ध केली.

बरे होण्याची ती अट अलीकडच्या लेखकांनी रद्द केली आहे. आर. जे. पालासियो यांच्या ‘वंडर’ (२०१२) मधील ऑगी आपला निराळा चेहरा घेऊनच पाचवीच्या वर्गात मित्र मिळवतो.

आपल्याकडे परतवाड्यानजीक वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर (पद्मश्री, २०२४) यांनी बेवारस दिव्यांग मुलांचा पितृवत् सांभाळ केला; अशा मुलांच्या खोड्या, रुसवे आणि महत्त्वाकांक्षा रंगविणारी वऱ्हाडी वळणाची बालकादंबरी अकोला-अमरावतीच्या शाळांत वाचली जावी, ही मनीषा. आपणांस अशी पुस्तके ठाऊक असल्यास नावे अवश्य कळवावीत.