शाळेच्या बांधकामाचा अंदाज: आधी ‘खर्च’ म्हणजे कोणता ते ठरवा

जिल्हा परिषदेच्या शाळेची एक वर्गखोली बांधायला किती खर्च येतो? प्रश्न सोपा वाटतो. क्षेत्रफळ घ्या, मजले घ्या, तालुका घ्या, रिग्रेशन चालवा, झालं! पीएचडीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं. मॉडेल इतकं छान बसलं की शेवटी मलाच संशय आला. चूक कुठे होती ते आज सांगते, कारण सरकारी बांधकामांची आकडेवारी हातात आली की कुणीही याच खड्ड्यात पडू शकतं.

अंदाजपत्रक कसं तयार होतं?

अभियंता नकाशावरून प्रत्येक कामाचं परिमाण काढतो. खोदकाम आणि काँक्रीट किती घनमीटर, सळई किती टन, गिलावा किती चौरस मीटर. मग प्रत्येक बाबीला सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतला दर लावतो. खडी-वाळू लांबून आणायची असेल तर वाहतुकीचा ‘लीड’ धरतो. या सगळ्याची बेरीज, त्यावर जीएसटी आणि आकस्मिक खर्चासाठी थोडी तरतूद, असा गोषवारा तयार होतो.

माझ्या तक्त्यातल्या ‘खर्च’ या रकान्यात नेमकी हीच रक्कम होती. म्हणजे जी रक्कम परिमाणं गुणिले दरसूची अशीच बनली होती, तिचा ‘अंदाज’ मी क्षेत्रफळावरून बांधत होते. मॉडेल बांधकामाबद्दल काहीच शिकलं नव्हतं. त्यानं फक्त दरसूची पाठ केली होती.

एकच खोली, तीन खर्च

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. अंदाजपत्रक १० लाखांचं. निविदेत ठेकेदारानं १२ टक्के कमी दर भरला, करार झाला ८.८ लाखांचा. पाया खोदताना जमीन खराब निघाली, १.५ लाखांचं जादा काम झालं. अंतिम देयक १०.३ लाख.

आता खर्च किती वाढला? अंदाजपत्रकाशी तुलना केली तर ३ टक्के. कराराशी केली तर १७ टक्के. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण एका प्रबंधात पहिला आणि दुसऱ्यात दुसरा वापरला, तर दोघांचे निष्कर्ष शेजारी ठेवता येत नाहीत. म्हणून संदर्भग्रंथ वाचतानाही पहिला प्रश्न हाच विचारा: वाढ कशाच्या तुलनेत?

खरा फरक कुठून येतो?

पहिलं कारण जमीन. मराठवाडा-विदर्भातली काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे पाया तिच्याखालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. समजा सहा कॉलमसाठी १.५ मीटर बाय १.५ मीटरचे खड्डे आहेत. खोली १.५ मीटर असेल तर खोदकाम २०.२५ घनमीटर. तीच २.५ मीटर झाली तर ३३.७५ घनमीटर, म्हणजे दोन तृतीयांश वाढ. शिवाय कॉलमची लांबी, सळई आणि भराव वाढतो तो वेगळाच. वर्गखोलीचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच! मातीचा रकाना नसेल तर हा फरक तुमच्या मॉडेलला दिसणारच नाही.

दुसरं कारण काळ. सरकारी बांधकामाच्या ठेक्यांवरचा जीएसटी १८ जुलै २०२२ पासून १२ वरून १८ टक्के झाला. १.१८ भागिले १.१२ करून बघा: एक वीटही न बदलता रक्कम साधारण ५.४ टक्क्यांनी वाढते. मंजुरी आधीची आणि देयक नंतरचं असेल, तर ही वाढ ठेकेदाराच्या किंवा अभियंत्याच्या माथी मारू नका. शक्यतो जीएसटी वगळूनच तुलना करा आणि दरसूची कोणत्या वर्षाची होती हेही नोंदवा.

तक्त्यात नसलेल्या खोल्या

अंतिम देयक फक्त पूर्ण झालेल्या कामांचं मिळतं. पैसे संपले म्हणून स्लॅबवर थांबलेली खोली तुमच्या तक्त्यात येतच नाही. म्हणजे ज्या कामांचा अंदाज सर्वात जास्त चुकला, नेमकी तीच गळतात आणि सरासरी उगाच चांगली दिसते.

दुसरी फसवणूक म्हणजे काम ‘अंदाजात’ बसवण्यासाठी त्यातल्या गोष्टी कापणं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, अडथळामुक्त प्रवेश आणि कुंपण या गोष्टी आहेत. रॅम्प आणि स्वच्छतागृह गाळून खर्च आटोक्यात ठेवला, तर आकडेवारीत ते यश दिसेल. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या मुलीला तो शाळेचा बंद दरवाजा असेल.

मग करायचं काय?

प्रत्येक कामासाठी तीन रकाने ठेवा: अंदाजपत्रक, करार, अंतिम देयक. तिन्हींच्या तारखा लिहा. आपलं उत्तरचल म्हणून थेट रुपये घेण्यापेक्षा अंतिम देयक भागिले अंदाजपत्रक हे गुणोत्तर घ्या. क्षेत्रफळाचा परिणाम त्यातून बराचसा निघून जातो आणि अंदाज का चुकला हा खरा प्रश्न उरतो. अपूर्ण कामं काढून टाकू नका, त्यांना वेगळी खूण करा.

आणि सॉफ्टवेअर उघडण्याआधी एका तरी शाळेचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका शेजारी ठेवून ओळीनं वाचा. एक दुपार जाईल. माझं त्याअभावी अख्खं सत्र गेलं होतं.