झेल्डा: रस्ता न सांगणाऱ्या गेमची गोष्ट

मोबाइलवर गेम खेळताना स्क्रीनवर सतत एक बाण दिसतो, हे तुमच्या लक्षात आलं असेल. इकडे जा, याच्याशी बोल, हे बटण दाब. काही गेममध्ये तर मिशनच्या नावावर टॅप केलं की आपलं पात्र स्वतःच चालत तिथे पोहोचतं! मग आपण नक्की खेळतो तरी काय?

खेळणाऱ्याला किती सांगायचं आणि किती त्याचं त्याला शोधू द्यायचं? 'द लीजेंड ऑफ झेल्डा' ही निन्टेन्डो कंपनीची गेम मालिका १९८६ पासून याच प्रश्नाशी झगडते आहे. आज आपण या मालिकेचा प्रवास थोडक्यात समजून घेऊया.

आधी एक गोंधळ दूर करू

हातात तलवार आणि अंगात हिरवा सदरा असलेला तो मुलगा म्हणजे झेल्डा नव्हे. त्याचं नाव लिंक. झेल्डा ही हायरूल नावाच्या राज्याची राजकन्या आहे आणि गॅनन हा खलनायक. अमेरिकन लेखक एफ. स्कॉट फिट्झगेराल्ड यांच्या पत्नीचं नाव झेल्डा होतं, तेच राजकन्येला दिलं गेलं. बहुतेक गेममध्ये काळ वेगळा असतो आणि लिंकसुद्धा नवा असतो. त्यामुळे आधीचे भाग खेळलेच पाहिजेत असं काही नाही.

१९८६: तीन वाटा आणि एक गुहा

पहिला गेम २१ फेब्रुवारी १९८६ ला जपानमध्ये आला. तो शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी बनवला. मियामोतो म्हणजे मारिओचे जनक. त्यांचं लहानपण क्योतोजवळच्या सोनोबे भागात गेलं. तिथल्या रानात भटकताना, अंधाऱ्या गुहेत शिरताना जी भीती आणि मजा वाटायची, ती त्यांना गेममध्ये आणायची होती.

म्हणून गेम सुरू झाल्यावर तुम्हाला काहीच सांगितलं जात नाही. समोर तीन वाटा आणि एक गुहा. गुहेत गेलात तर तलवार मिळेल, नाही गेलात तर तसेच रिकाम्या हाताने पुढे! कुठलं झुडूप जाळायचं, कुठल्या भिंतीला बॉम्ब लावायचा, हे करून बघितल्याशिवाय कळत नसे. मुलं वहीत नकाशे काढायची, मित्रांना विचारायची. अमेरिकेत तर अडलेल्यांना फोनवर मदत करायला कंपनीने माणसं बसवली होती.

एवढा मोठा गेम एका बैठकीत संपणं शक्य नव्हतं. मग खेळ जिथे थांबवला तिथूनच पुढे सुरू करायचा कसा? जपानमध्ये हा गेम फ्लॉपीसारख्या डिस्कवर आला होता, त्यामुळे खेळ तिच्यावरच सेव्ह होत असे. १९८७ मध्ये अमेरिकेत तो सोनेरी रंगाच्या कार्ट्रिजमध्ये आला. आत एक छोटी बॅटरी होती, तिच्या जोरावर सेव्ह केलेला खेळ टिकून राहायचा. आज आपण जे सहज गृहीत धरतो, ते तेव्हा फार मोठं नवल होतं.

१९९८: बाणाची झाली परी

१९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'ने मालिकेचा साचा पक्का केला: जमिनीखालच्या भुयारात जा, कोडी सोडव, नवं हत्यार मिळव, त्याच्या मदतीने पुढची वाट उघड. मग १९९८ मध्ये 'ऑकरिना ऑफ टाइम' आला आणि झेल्डा थ्रीडी झाला.

थ्रीडीत मोठी अडचण लढाईची होती. शत्रू मागे गेला की दिसायचाच नाही. यावरचा उपाय टीमला क्योतोमधल्या तोएई स्टुडिओ पार्कमध्ये सापडला. तिथे तलवारबाजीचा खेळ बघताना त्यांच्या लक्षात आलं, की नायकाला अनेक जणांनी घेरलं तरी हल्ला एका वेळी एकच जण करतो. त्यातून 'लॉक-ऑन' आलं: एक बटण दाबायचं, की नजर एकाच शत्रूवर खिळून राहते. आज कितीतरी अ‍ॅक्शन गेममध्ये हीच युक्ती दिसते.

कुठल्या शत्रूवर नजर आहे हे दाखवायला एक खूण हवी होती. त्या खुणेची टीमने नावी नावाची परी केली. परी आहेच सोबत, तर तिने खेळणाऱ्याला चार गोष्टी सांगाव्यात, असं ठरलं. रस्ता न सांगणाऱ्या गेममध्ये आता एक वाटाड्या आला होता.

२०११: वाटाड्या फार बोलू लागला

पुढच्या गेममध्ये प्रयोग होत राहिले. 'मेजोराज मास्क'मध्ये (२०००) तेच तीन दिवस पुन्हा पुन्हा जगायचे होते, तर 'विंड वेकर' (२००२) कार्टूनसारखा दिसायचा. पण हळूहळू ठरलेला क्रम आणि सूचना वाढत गेल्या.

२०११ च्या 'स्कायवर्ड स्वॉर्ड'मध्ये तर हद्द झाली. फी नावाची सोबतीण मध्येच खेळ थांबवून, तुम्ही नुकतंच ऐकलेलं पुन्हा सांगायची. कंट्रोलरची बॅटरी उतरली हेही तीच सांगायची! अनेक खेळाडू वैतागले. २०२१ च्या नव्या आवृत्तीत तिचा सल्ला घ्यायचा की नाही, हे खेळाडूवर सोपवावं लागलं.

२०१७: पुन्हा रानात

जानेवारी २०१३ मध्ये निर्माते एजी ओनुमा यांनी जाहीरपणे सांगितलं, की झेल्डाच्या ठरलेल्या चालीरीती आता नव्याने तपासायच्या आहेत. मार्च २०१७ मध्ये आलेला 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' हे त्याचंच फळ. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांच्या टीमने कल्पना पारखायला १९८६ च्या गेमसारखा दिसणारा एक साधा टूडी नमुना बनवून पाहिला होता. गेममधली अंतरं ठरवताना फुजिबायाशींनी आधाराला चक्क क्योतो शहराचा नकाशा घेतला.

इथे सुरुवातीचं पठार सोडलं की तुम्ही थेट शेवटच्या खलनायकाकडे जाऊ शकता. हराल, पण कुणी अडवणार नाही. दिसेल तो डोंगर चढता येतो. गवत पेटवलं की गरम हवा वर येते आणि तिच्यावर तरंगता येतं. पावसात कडा निसरडा होतो. विजा चमकताना अंगावर धातू असेल तर वीज तुमच्यावरच पडते. हे नियम लक्षात आले की एका कोड्याची दहा उत्तरं सापडतात.

या गेमच्या ३ कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या. २०२३ चा 'टियर्स ऑफ द किंगडम' तर पहिल्या तीनच दिवसांत १ कोटीवर गेला. आणि २०२४ च्या 'इकोज ऑफ विज्डम'मध्ये अखेर राजकन्या झेल्डा स्वतः मुख्य नायिका झाली.

मोबाइलवर खेळता येईल का?

मालिकेतला एकही गेम निन्टेन्डोने अँड्रॉइड किंवा आयफोनसाठी काढलेला नाही. त्यामुळे 'झेल्डा फ्री डाउनलोड' म्हणत कुणी एपीके फाइल देत असेल, तर तिच्यापासून लांबच राहा. खेळायचाच असेल तर स्विच कन्सोल लागेल. तिथे ऑनलाइन मेंबरशिप घेतली की १९८६ चा मूळ गेमही खेळता येतो.

पण झेल्डाची झलक तुमच्या फोनवर कदाचित आधीच असेल. २०२० च्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'मध्ये दम संपेपर्यंत कडा चढायचा आणि वरून पंख उघडून तरंगत खाली यायचं, हे सगळं 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ची आठवण करून देणारं आहे. त्या गेमपासून प्रेरणा घेतल्याचं 'गेन्शिन'च्या निर्मात्यांनीही मान्य केलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुठलाही मोठ्या जगाचा गेम खेळाल, तेव्हा एक करून बघा. सेटिंगमध्ये सोय असेल तर तो बाण तासभर बंद ठेवा. थोडं चुकाल, उगाच भटकाल. पण जे सापडेल ते तुमचं तुम्ही शोधलेलं असेल.