मार्सेल्सच्या पूर्वेचे कालांक

मार्सेल्सचें नांव मराठी श्रोत्यांस परकें नाहीं. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं मोरिया बोटींतून उडी घेतली ती याच बंदरांत. मुंबईहून विलायतेस जाणारे पुष्कळ उतारू पूर्वीं येथेंच बोट सोडून आगगाडी धरीत. परंतु बंदरापासून पूर्वेस कासी या लहानशा गांवापर्यंत जो सुमारें वीस किलोमीटरांचा खडकाळ किनारा आहे, तिकडे त्यांचें लक्ष क्वचितच गेलें असेल.

हा किनारा पांढऱ्या चुनखडीचा. त्यांत ठिकठिकाणीं समुद्र चिंचोळा होऊन आंत शिरला आहे. दोहों बाजूंस उभे कडे व मध्यें निळेंहिरवें पाणी, अशा जागेस तेथील लोक 'कालांक' म्हणतात. लाटांनींच हा खडक कोरला असावा, असें प्रथमदर्शनीं वाटतें. वास्तविक या मूळच्या दऱ्या होत. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, हिमयुग ऐन भरांत असतांना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षां सुमारें १२० मीटर खालीं होती. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढला आणि दऱ्यांचीं मुखें बुडालीं. कोकणांतल्या खाडीस नदी मिळते; येथें मात्र वर प्रवाह दिसत नाहीं, कारण पावसाचें पाणी चुनखडींत मुरून जातें. पोर-मियू या कालांकाजवळ तें भूमिगत नदीच्या रूपानें समुद्राच्या पाण्याखालींच बाहेर पडतें.

या बुडालेल्या भूमीचा विलक्षण पुरावा मॉर्जियूच्या टोकाजवळ आहे. आंरी कोस्केर नांवाच्या पाणबुड्यास तेथें पाण्याखालीं ३७ मीटरांवर एका गुहेचें तोंड सांपडलें. आंतील बोगदा चढत जातो व पाण्याबाहेरच्या दालनांत उघडतो. तेथें घोडे, सील व माणसांच्या पंजांचे ठसे भिंतींवर आहेत. १९९१ सालीं ही गोष्ट जगजाहीर झाली. ज्यांनीं तीं चित्रें काढलीं ते कोरड्या पायांनीं आंत गेले होते! समुद्र अजून चढतोच आहे, आणि खालचीं चित्रें त्याच्या तडाख्यांत आहेत.

मऊ वाळूची पुळण शोधणाऱ्यानें येथें येऊं नये. आं-वोचा कालांक सर्वांत देखणा, पण त्याच्या टोकाशीं आहेत ते गोटे. देखाव्यासाठीं कासीच्या पूर्वेचा काप कानाय गांठावा. तांबूस-पिवळ्या दगडाचा हा डोंगर ३९४ मीटरांपर्यंत चढतो. सकाळच्या उन्हांत तेथून पश्चिमेचे पांढरे कडे उजळलेले दिसतात. सायंकाळीं उलट कासीच्या धक्क्यावर उभें राहून या डोंगराकडेच पहावें.

२०१२ सालीं हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला. पण त्यानें गर्दी थांबली नाहीं. सूजितोंच्या इवल्याशा कालांकांत उन्हाळ्याच्या कांहीं दिवशीं अडीच हजारांपर्यंत माणसें उतरूं लागलीं. मूळचाच पातळ मातीचा थर पावलांनीं सुटून वाहून गेला, पाइन वृक्षांचीं मुळें उघडीं पडलीं, नवीं रोपें रुजेनात. म्हणून २०२२ च्या उन्हाळ्यापासून तेथें गर्दीच्या दिवसांत रोज चारशेंच लोकांस प्रवेश, तोहि आगाऊ नोंद करून, असा नियम झाला. नोंदीस पैसे पडत नाहींत. वारा फार सुटला म्हणजे वणव्याच्या भयानें वाटाच बंद होतात, आणि मग नोंद केलेल्यासहि परतावें लागतें.