बारावे कलम

अमेरिकेतले मूळ रहिवासी सू लोक आणि अमेरिकी सरकार यांच्या संघर्षावर ढिगाने पुस्तके निघाली, पण बहुतेकांचा जीव लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अडकलेला. 25 जून 1876 रोजी अमेरिकी लष्करी अधिकारी कस्टर तिथे आपल्या तुकडीसह मारला गेला आणि पुढे हॉलिवूडला आयता विषय मिळाला. माझ्या मते या वैराचे मूळ त्याआधी आठ वर्षे झालेल्या एका कागदात शोधावे.

तो कागद म्हणजे 1868 चा फोर्ट लॅरमीचा करार. सूंचा म्होरक्या रेड क्लाउड याने दोन वर्षे लढून लष्कराला बोझमन वाटेवरचे किल्ले सोडायला लावले आणि ते रिकामे झाल्यावरच करारावर सही केली. आजच्या साउथ डकोटातला मिसूरी नदीच्या पश्चिमेचा सगळा मुलूख, पवित्र ब्लॅक हिल्ससकट, सूंचा ठरला. बाराव्या कलमात अट होती : यापुढे त्यातली जमीन द्यायची, तर जमातीतल्या तीन चतुर्थांश प्रौढ पुरुषांच्या सह्या हव्यात.

1874 मध्ये याच कस्टरच्या मोहिमेला त्या डोंगरांत सोने सापडले. खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारने 60 लाख डॉलर देऊ केले, सूंनी नाकारले. मग ऐन हिवाळ्यात फर्मान निघाले, 31 जानेवारी 1876 पर्यंत राखीव मुलखातल्या सरकारी एजन्सीवर हजर व्हा, नाहीतर शत्रू समजू. कस्टर पडला तो या युद्धात. त्याचा सूड काँग्रेसने शिध्यातून उगवला. शिकारीला गवे उरले नव्हते, माणसे सरकारी पिठा-मांसावर जगत होती. ब्लॅक हिल्स सोडा, नाहीतर शिधा बंद, असे ऑगस्टमध्ये ठरले. करार घेऊन आयोग गावोगाव फिरला. अशा वेळी म्होरक्याने लेखणीला नुसते बोट लावायचे, फुली कारकून मारायचा. एवढे करूनही सह्या जमल्या प्रौढ पुरुषांच्या जेमतेम दहा टक्क्यांच्या. फेब्रुवारी 1877 मध्ये कायदा करून डोंगर घेतलेच. बारावे कलम राजरोस धाब्यावर बसवले गेले.

पुढचा क्रम ठाऊक असतो. 1889 मध्ये उरलेल्या राखीव मुलखाचे तुकडे झाले. 15 डिसेंबर 1890 ला सूंचा म्होरक्या सिटिंग बुल अटकेच्या झटापटीत मारला गेला आणि दोन आठवड्यांनी वुंडेड नी येथे बायकामुलांसह शेकडो लकोटा सूंची कत्तल झाली. सैनिकांना वर शौर्यपदके मिळाली!

सू मात्र कागद विसरले नाहीत. 1923 मध्ये त्यांनी दावा लावला. 30 जून 1980 ला सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी भरपाई मान्य केली : 1877 च्या हिशेबाने 1 कोटी 71 लाख डॉलर, वर पाच टक्के व्याज. डोंगर परत मिळण्याची सोय त्या निकालात नव्हती. जमीन विकलीच नव्हती, तर किंमत कसली घ्यायची, म्हणून सूंनी पैसे नाकारले.

ती रक्कम व्याजासह एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे. सूंची पाइन रिज ही राखीव वसाहत अमेरिकेतल्या सर्वांत गरीब भागांत मोडते, पण त्या पैशाला सूंनी आजवर हात लावलेला नाही.