मुलाची भूक कशी मोजावी?

‘मूल जेवत नाही’ ही आईची तक्रार जगात सर्वत्र ऐकू येते. परंतु तिचा अर्थ सर्वत्र एकच नसतो. एखाद्या मुलाला खरोखरच अन्नाची इच्छा होत नाही, एखादे दोनचार ठराविक पदार्थांपलीकडे कशाला शिवत नाही, तर एखादे वयाच्या मानाने पुरेसे खाऊनही आईच्या अपेक्षेला उतरत नाही. या तिघांमध्ये भेद करणे हेच वैद्याचे पहिले काम होय.

कोरियाच्या परंपरागत वैद्यकात रोगपरीक्षेची चार साधने मानली आहेत: पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि स्पर्श करणे. हो जुन या राजवैद्याने १६१० साली पूर्ण केलेला आणि १६१३ साली छापला गेलेला ‘दोंगयी बोगाम’ हा या परंपरेचा प्रमुख ग्रंथ आहे. मुलांच्या बाबतीत मात्र ही साधने अपुरी पडतात. लहान मुलाला आपले दुखणे सांगता येत नाही. म्हणूनच पूर्व आशियातील जुन्या वैद्यांनी बालचिकित्सेला मुक्यांचे शास्त्र म्हटले. तान्ह्या मुलाच्या नाडीवरही फारसे विसंबता येत नाही, त्यामुळे तीन वर्षांखालील मुलाच्या तर्जनीवरील शीर पाहण्याची पद्धत पडली. विचारायचे ते आईलाच.

या वैद्यकाच्या मते भूक मंदावणे हा एकच विकार नव्हे. प्लीहा व जठर यांची शक्ती क्षीण झाली असेल, तर चेहरा फिकट दिसतो, मूल लवकर थकते, त्याला घाम सहज येतो आणि शौच पातळ होते. जठरातील ओलावा कमी झाला असेल, तर तोंड कोरडे पडते, मूल जेवणापेक्षा पाणीच अधिक मागते आणि जीभ लालसर दिसते. अन्न साचून राहिले असेल, तर पोट फुगते, आंबट ढेकर येतात व तोंडाला दुर्गंधी येते. प्रत्येक प्रकारावरील उपचार वेगळा असल्यामुळे निदान चुकले तर औषधही चुकते.

येथेच प्रश्नावलीचा उपयोग होतो. तोंडी विचारपूस करताना प्रत्येक वैद्य आपापल्या सवयीने प्रश्न विचारतो. लेखी प्रश्नावलीत सर्वांना तेच प्रश्न त्याच शब्दांत विचारले जातात, उत्तरांना गुण दिले जातात आणि कोणत्या प्रकाराची लक्षणे अधिक आहेत हे पाहिले जाते. परंतु तेवढ्याने ती विश्वासार्ह ठरत नाही. काही दिवसांनी पुन्हा भरल्यास उत्तरे जुळतात काय, आणि तिचा निष्कर्ष अनुभवी वैद्यांच्या स्वतंत्र निदानाशी मिळतो काय, हे तपासावे लागते.

खरी अडचण अशी की, उत्तर देते आई आणि भूक असते मुलाची. ‘भूक कमी आहे काय?’ या प्रश्नाच्या उत्तरात मुलाच्या भुकेपेक्षा आईची काळजीच अधिक उतरते. ‘गेल्या आठवड्यात मुलाने घास तोंडात धरून ठेवला असे किती वेळा झाले?’ किंवा ‘एका जेवणाला किती वेळ लागतो?’ असे विचारल्यास डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट सांगावी लागते.

त्याचबरोबर वजन व उंची मोजणे अगत्याचे आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन जन्माच्या वेळच्या सुमारे तिप्पट होते; दुसऱ्या वर्षात मात्र ते दोन-अडीच किलोनेच वाढते. वाढीचा वेग मंदावला की भूकही कमी होते, आणि त्यात काही वावगे नसते. अशा मुलाला बळजबरीने भरवले, तर जेवणाविषयी तिटकाराच निर्माण होतो.

याउलट वजन घटत असेल, वारंवार उलट्या होत असतील, गिळताना त्रास होत असेल किंवा ताप हटत नसेल, तर प्रश्नावलीतील गुणांची बेरीज करीत बसणे घातक ठरते. दक्षिण कोरियात परंपरागत वैद्य आणि आधुनिक डॉक्टर यांचे परवाने स्वतंत्र आहेत. म्हणून अशा मुलाला विनाविलंब डॉक्टरकडे पाठविणे हेही वैद्याचे कर्तव्य ठरते. प्रश्नावली विचारपूस नेटकी करते. मुलाला तपासण्याची जबाबदारी तिच्यामुळे टळत नाही.