आगाशिवचा डोंगर आणि कऱ्हाडचा लोखंडवाला

पेरू देशातले माचू पिच्चू हे डोंगरावरचे ओसाड नगर १९११ साली हायरम बिंगहॅम यांनी ‘शोधले’ असे सांगतात. प्रत्यक्षात तिथे शेतकरी राहत होते आणि त्यांच्याच एका मुलाने साहेबांना वाट दाखवली.

आपल्या आगाशिवचेही तसेच. कऱ्हाडजवळ जखिणवाडीच्या डोंगरात साठाहून अधिक बौद्ध लेणी आहेत. १८४९ च्या सुमारास साताऱ्यातले इंग्रज अधिकारी बार्टल फ्रियर यांनी त्यांवर लिहिले. गुराख्यांना ती आधीपासून ठाऊक होती. ती कुणाची, एवढेच विसरले गेले होते.

मागे आम्ही सातारा-सांगलीकडची चार कुटुंबे भाकरी बांधून एस.टी.ने गेलो. चढताना दम लागला. लेणी अगदी साधी. लहान खोल्या, झोपायला दगडी ओटे. अजिंठ्यासारखी चित्रे नाहीत म्हणून मुले हिरमुसली. पण ही लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची! एका लेखात गोपालपुत्र संघमित्राचे दान नोंदले आहे. रायगड जिल्ह्यात कुड्याच्या लेण्यांतही कऱ्हाडच्या माणसाचा लेख आहे. करहाकडचा, म्हणजे कऱ्हाडचा, लोखंडाचा व्यापारी महिक याने तिथे लेणे दान दिले. दूर मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपावर तर साऱ्या करहकट नगराचेच दान कोरले आहे. या लेखांत राजाचे नाव नाही.

आमच्यातले एक वेल्डर म्हणाले, “म्हणजे लोखंडातलाच माणूस की!” आणि महिकाचे नाव त्यांनी दोनदा विचारून घेतले.

उतरताना भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावे दिसली. आमच्याही एका पोराच्या हातात खडू होता. वडिलांनी तो काढून घेतला.